गहू पचवणारी बाटली

डॉ. सॅम्युअल जी यांच्या पथ्याच्या यादीत भाताला बंदी होती आणि पावाला परवानगी. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या इस्पितळात त्यांनी एका आजारावर व्याख्यान दिलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं. मूल फिकट पडतं, हातापायांच्या काड्या होतात, पोट फुगून येतं, शी भरपूर, पांढरट आणि घाण वासाची होते. मूल बरं व्हायचंच असेल तर ते आहारानंच होईल, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि ते पुढे तंतोतंत खरं ठरलं. पण आहार कोणता? पिठाचे पदार्थ बेतानं द्या, म्हणाले. तांदूळ, साबुदाणा, कॉर्नफ्लोअर नकोच. त्यापेक्षा माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचं, अन्न बरं, रस्क बरे, पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव बरा. म्हणजे जे त्या मुलांना चाललं असतं ते ताटातून काढलं आणि ज्यानं आतडं खराब होत होतं ते भाजून वाढलं.

जी काही ढिसाळ डॉक्टर नव्हते. त्याच व्याख्यानात त्यांनी एका मुलाची हकीकत सांगितली आहे. त्याला रोज हॉलंडच्या उत्तम मसल्सचं, म्हणजे शिंपल्यांचं, चांगलं लिटरभर माप खाऊ घालत. हंगामभर पोरानं बाळसं धरलं. हंगाम सरला तशी तब्येत पुन्हा खाली आली आणि पुढच्या हंगामात त्यानं शिंपल्यांना तोंड लावलं नाही. इतकं नेमकं टिपणारा माणूस माल्टकडे का वळला, तर माल्टमध्ये पिष्ट पचवणारा एक पदार्थ असतो हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पोट अधू असेल तर बाहेरून पाचक रस द्यायचे, किंवा त्या रसानं आधीच पचवलेलं अन्न द्यायचं, ही त्या काळातली सर्वांत आधुनिक कल्पना होती.

ह्या कल्पनेशी माझा संबंध औषधाच्या काउंटरच्या आतल्या बाजूनं आला. जळगावात आमचं मेडिकल होतं. सासऱ्यांनी काढलेलं, पुढे नवऱ्यानं आणि मी चालवलेलं. डी.फार्म. माझं, म्हणून लायसन्स माझ्या नावावर. पाचक गोळ्या हा दुकानातला कधीच न पडून राहणारा माल. लग्नसराई झाली, आखाडातल्या पार्ट्या झाल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं हजर: "ताई, त्या काळ्या गोळ्या द्या." नाव कुणी घेत नाही, रंग सांगतात.

मग भाचीला पुण्यात जी ह्यांनी वर्णन केलेल्या त्याच आजाराचं, सीलिअ‍ॅकचं, निदान झालं. वर्षानुवर्षं 'हिला अन्न अंगी लागत नाही' म्हणून घरात सगळे बोलत होते. रक्ततपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि निकाल लागला. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलसारखी लव असते. तिच्यामुळे अन्न शोषून घ्यायला भरपूर जागा मिळते. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय ह्यांतल्या ग्लुटेन जातीच्या प्रथिनांवर शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा तुटून पडते आणि त्या लढाईत लव सपाट होते. उपाय एकच, ही धान्यं जन्मभर बंद. डॉक्टरांनी तेवढं सांगून शिवाय जेवणाबरोबर घ्यायला पॅन्क्रिआटिनची, म्हणजे स्वादुपिंडातल्या पाचक रसांची, कॅप्सूल लिहून दिली, आतडं भरून येईपर्यंत म्हणून. भाचीनं चिठ्ठीचा फोटो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन: "मावशी, ही पचनाचीच गोळी आहे ना? मग होळीला एखादी पुरणपोळी खाऊन वर ही घेतली तर?"

तिचा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याच्या जोरावर एक अख्खा धंदा उभा राहिलेला आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये. १८३३ साली आन्सेल्म पायाँ आणि जाँ-फ्रान्स्वा पर्सो ह्या दोन रसायनज्ञांनी मोड आणलेल्या जवाचं पाणी घेतलं, त्यात अल्कोहोल ओतलं आणि खाली बसलेला पांढरा साका बाजूला काढला. चिमूटभर साका भरपूर पिष्ट विरघळवून त्याची साखर करी. हे डायस्टेस. तीन वर्षांनी बर्लिनमध्ये थिओडोर श्वान ह्यांनी जठरातला मांस विरघळवणारा पदार्थ ओळखून त्याला पेप्सिन नाव दिलं. प्रयोगशाळेतून दुकानात यायला त्याला फार वेळ लागला नाही. १८५० च्या दशकात पॅरिसमध्ये डॉ. ल्युसियाँ कॉर्व्हिझार आणि औषधविक्रेते बूदो ह्यांनी पेप्सिन काढून, पिष्टात मिसळून, रोग्यांना द्यायला सुरुवात केली. त्यानंतर कत्तलखान्यातली जठरं फेकून द्यायची वस्तू राहिली नाहीत. डुकराचं जठर पेप्सिनसाठी, स्वादुपिंड पॅन्क्रिआटिनसाठी.

पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत ह्या मालाच्या बाटल्यांचा पूर आला. त्यातलं लॅक्टोपेप्टिन हे नाव मला फार आवडतं, कारण त्यात सगळंच होतं: पेप्सिन, पॅन्क्रिआटिन, डायस्टेस, वर आम्ल. ऐकायला भरगच्च. अडचण इतकीच की पेप्सिनला आम्ल लागतं आणि पॅन्क्रिआटिन आम्लात टिकत नाही. शिवाय दोन्ही प्रथिनं, आणि पेप्सिनचं कामच मुळी प्रथिनं तोडायचं. एकाच द्रवात ठेवली की बाटलीतच एकमेकांचा निकाल लावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध परिषदेनं हे उघड केलं. तोवर डॉक्टर ते बिनदिक्कत लिहीत होते आणि रोगी पीत होते. आमच्या सासऱ्यांच्या वेळीही कंपाउंडर अशी पाचक मिक्श्चरं बाटलीत भरून, बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी डकवून देत. एका कातऱ्याइतका एक डोस. त्यात ओवा, पेपरमिंट असायचं म्हणून वारा सरायचा आणि श्रेय पेप्सिनला जायचं.

मँचेस्टरची गोष्ट जास्त सज्जनपणाची आहे आणि म्हणूनच जास्त चटका लावणारी. तिथले डॉ. विल्यम रॉबर्ट्स ह्यांनी १८८० साली पाचक किण्वांवर, म्हणजे एन्झाइमांवर, व्याख्यानमाला दिली आणि आधीच पचवून ठेवलेलं अन्न आजाऱ्यांना कसं द्यावं हे सविस्तर मांडलं. त्यांच्या मदतीला मॉटर्सहेड कंपनीतले औषधनिर्माते फ्रेडरिक बेंजर होते. त्यातून 'बेंजर्स फूड' आलं. डब्यात शिजवलेलं पीठ आणि त्यात मिसळलेला स्वादुपिंडाचा अर्क. पूड थोड्या गार दुधात कालवायची, वरून गरम दूध घालायचं आणि भांडं झाकून ठेवून द्यायचं. सुरुवातीला घट्ट असलेली लापशी डोळ्यांदेखत पातळ होत जाते, कारण अर्क पिष्ट आणि प्रथिनं तोडत असतो. हवी तितकी पचली की उकळी आणून क्रिया थांबवायची. आजारी, म्हातारे, तान्ही मुलं, ज्यांच्या पोटात काही ठरत नाही अशा सगळ्यांसाठी हे अन्न खपू लागलं आणि पुढे कित्येक दशकं खपत राहिलं.

पीठ गव्हाचं होतं.

ज्या घरात सीलिअ‍ॅकचं मूल असेल त्या घरात हा डबा यायची शक्यता सर्वांत जास्त, कारण 'अन्न अंगी न लागणारं मूल' हेच त्या डब्याचं गिऱ्हाईक. कुणी किती मुलांना काय दिलं ह्याची नोंद माझ्यापाशी नाही, पण एक औषधविक्रेती म्हणून तो डबा मी कल्पनेत फडताळावर ठेवून पाहिला आहे. माझ्या हातूनही तो सहज गेला असता, अगदी सदिच्छेनं.

ह्याच काळात एक जपानी माणूस अमेरिकेत माल्टवाल्यांच्या पोटावर पाय द्यायला निघाला होता. जोकिची ताकामिने, जन्म १८५४, वडील वैद्य, आई साके गाळणाऱ्या घराण्यातली. साकेसाठी जपानी लोक जवाला मोड आणत नाहीत. भातावर कोजी नावाची बुरशी वाढवतात आणि ती बुरशीच पिष्टाची साखर करते. ताकामिने म्हणाले, व्हिस्कीलाही हीच लावू. माल्टला जास्त वेळ जातो, बुरशी काही दिवसांत तयार. तांदूळ महाग म्हणून त्यांनी ती गव्हाच्या कोंड्यावर वाढवायची युक्ती काढली. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी काम सुरू झालं, स्थानिक माल्टवाले बिथरले, कारखान्याला आग लागली, व्हिस्कीचा बेत बारगळला. मग त्यांनी कोंड्यावरच्या बुरशीचा अर्क काढून त्यात अल्कोहोल ओतलं. पायाँ-पर्सोंचीच कृती. खाली बसलेल्या पुडीचं १८९४ मध्ये पेटंट घेतलं आणि पार्क-डेव्हिस कंपनीनं ती टाका-डायस्टेस नावानं जगभर विकली. जपानात तिच्या आयातीसाठी १८९९ मध्ये सांक्यो ही पेढी निघाली, जी पुढे मोठी औषध कंपनी झाली. नात्सुमे सोसेकींच्या 'मी एक मांजर आहे' ह्या कादंबरीतले पोटदुखे मास्तर हेच औषध घेतात. लेखक स्वतःही जन्मभर पोटानं हैराण होता. ताकामिने नंतर अ‍ॅड्रिनलिन वेगळं काढून अजरामर झाले, पण पैसा त्यांना ह्या पुडीनं दिला.

आमच्या 'काळ्या गोळी'ची आजी ही पुडी. आपल्याकडच्या बहुतेक पाचक गोळ्यांत फंगल डायस्टेस असतं. काळ्या रंगाचं कारण त्यातला कोळसा. आणि डायस्टेसच्या जोडीला बसतं पपेन, जे मी माझ्या डोळ्यांनी निघताना पाहिलेलं आहे.

खानदेशात पपई भरपूर, आणि काही शेतकरी फळ विकायच्या आधी त्याचा चीक काढून विकत. हे काम भल्या सकाळी करायचं, ऊन चढलं की चीक थिजतो. झाडावरच्या हिरव्या, पूर्ण भरलेल्या पण न पिकलेल्या फळाला काठीला बांधलेल्या ब्लेडनं वरून खाली तीन-चार चिरा द्यायच्या, जेमतेम सालीपुरत्या. खोल गेलं तर गराचा रस मिसळतो आणि माल बिघडतो. पांढरंशुभ्र दूध टपटपायला लागतं. ते झेलायला लोखंडाचं भांडं चालत नाही, धातूनं एन्झाइमची ताकद जाते. फळावर गोठलेला चीकही खरवडून घेतात. काही दिवसांनी त्याच फळाच्या मधल्या मोकळ्या जागेवर पुन्हा चिरा. चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, म्हणून बायका हातांना फडकी गुंडाळून काम करायच्या. जो पदार्थ मांस पचवतो तो बोटांना का सोडेल? मग मंद उष्णतेवर वाळवून भुकटी कारखान्यात जाते. अंगभर ओरखडे पडलेली पपई बाजारात कोण घेणार? तिची टूटीफ्रूटी होते.

कच्च्या पपईनं मांस मऊ होतं हे आपल्या स्वयंपाकघरांना जुनंच माहीत. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये वुर्ट्झ आणि बूशू ह्यांनी तिच्यातलं एन्झाइम वेगळं काढलं. पुढे ब्रिटिशांच्या काळात सिलोन त्याचा मोठा पुरवठादार होता, मग पूर्व आफ्रिका, मग आपण. भारतात ह्या दोघांची, बुरशीच्या डायस्टेसची आणि पपईच्या पपेनची, जोडी जमली ह्याला माझ्या मते शास्त्राइतकंच जळगावच्या आमच्या गिऱ्हाइकासारखं गिऱ्हाईक कारणीभूत आहे. जैन, मारवाडी, वारकरी, मुसलमान, कुणालाच डुकराचं पेप्सिन नको. खाऊच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, औषधाच्या स्ट्रिपवर तो छापायचं बंधन नाही, म्हणून लोक विचारतात आणि दुकानदाराला सांगावं लागतं. झाडाची आणि बुरशीची गोळी विकताना कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायला त्रास होत नाही.

आता पुन्हा आजाराकडे. न्यूयॉर्कचे सिडनी हास ह्यांनी १९२४ साली केळ्यांचं पथ्य मांडलं. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद, आणि भरपूर केळी. दहापैकी ज्या आठ मुलांना हे पथ्य मिळालं ती सुधारली. हास ह्यांनी श्रेय केळ्याला दिलं, गुण न दिलेल्या पावाचा होता. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्याच डोरोथी अँडरसन ह्या शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर बाईंनी एक गुंता सोडवला. सीलिअ‍ॅक म्हणून दगावलेल्या काही मुलांची स्वादुपिंडंच खराब झालेली त्यांना आढळली. तो वेगळाच आजार होता, सिस्टिक फायब्रोसिस. त्या मुलांना स्वादुपिंडाच्या अर्कानं खरोखरच फायदा होतो. एन्झाइमच्या बाटलीला पहिल्यांदा तिची खरी जागा सापडली ती इथे.

गव्हाला पकडलं ते विलेम डिके ह्यांनी, हेगच्या मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी. गोष्ट सांगणारे नेहमी १९४४-४५ चा डच दुष्काळी हिवाळा सांगतात: जर्मनांनी रसद तोडली, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते, आणि सीलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली, युद्ध संपताना पहिला पाव आला तशी पुन्हा आजारी पडली. गोष्ट चांगली आहे, पण तीत डिकेंवर अन्याय होतो. गव्हाचा संशय त्यांना तीसच्या दशकातच आला होता आणि गहू वगळलेल्या आहारावर त्यांनी १९४१ मध्येच लिहिलं होतं. दुष्काळानं खात्री पटवली, बस्स. पुढे १९५० चा प्रबंध, मग व्हाइयर्स आणि व्हान डे कामर ह्यांच्याबरोबर मुलांच्या शीतली चरबी मोजून केलेलं काम. कुठलं धान्य दिल्यावर किती चरबी न पचता बाहेर पडते हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन, फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी गव्हाचं पिष्ट आणि ग्लुटेन वेगवेगळं देऊन दोष ग्लुटेनचा असल्याचं नक्की केलं. पिष्ट निर्दोष सुटलं. तांदूळ, साबुदाणा सगळेच सुटले. आपल्याकडे उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिअ‍ॅकवर वालिया आणि सहकाऱ्यांचा लेख १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला; पण महाराष्ट्रात बराच काळ हा 'पंजाबकडचा आजार' म्हणूनच मोडत होता. ज्वारी-बाजरीच्या घरांत रेशनचा लाल गहू आला, भाकरीची पोळी झाली, तेव्हा 'अंगी न लागणाऱ्या' पोरांकडे कुणी त्या नजरेनं पाहिलं नाही.

माझ्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर १९५९ चं आहे. फ्रेझर आणि त्यांच्या चमूनं साधाच विचार केला: ग्लुटेन नीट पचत नाही म्हणून त्रास होतो का? मग आधी पचवूनच देऊ. त्यांनी ग्लुटेनवर पेप्सिन आणि ट्रिप्सिनची क्रिया केली आणि तो पचवलेला भाग रोग्यांना दिला. त्रास तितकाच झाला. पेप्सिन, ट्रिप्सिन म्हणजे जठराची आणि स्वादुपिंडाची कात्री. म्हणजेच पेप्सिनच्या बाटलीची, बेंजरच्या डब्याची आणि भाचीच्या कॅप्सूलची कात्री. डुकराच्या आतड्याच्या अस्तराचा अर्क लावल्यावर मात्र ग्लुटेन निरुपद्रवी होतंय असं त्यांना दिसलं, आणि त्यातून एक सिद्धांत निघाला की ह्या रोग्यांच्या आतड्यात एखादं एन्झाइम जन्मतःच नसावं. दहा-पंधरा वर्षं लोक ते हरवलेलं एन्झाइम शोधत होते. गहू बंद करून आतडं भरून आलं की सगळी एन्झाइमं आपापल्या जागी हजर असतात, हे दिसल्यावर तो शोध थंडावला. आमच्या पपईनंही हजेरी लावली: १९६४ साली ऑस्ट्रेलियात मेसर, शार्लट अँडरसन आणि हबर्ड ह्यांनी कच्च्या पपेननं ग्लुटेनचा विषारीपणा कसा जातो ह्याचा अभ्यास छापला. पण ते भांड्यातलं, खाण्याआधी केलेलं काम. पोटात पोळी आणि गोळी एकदम पाठवणं ही वेगळी गोष्ट.

ही कात्री का चालत नाही हे कळायला २००२ उजाडलं. आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले आणि स्टॅनफर्डला स्थिरावलेले चैतन खोसला आणि सहकारी ह्यांनी ग्लुटेनमधला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवला. त्यात प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल ठासून भरलेलं आहे आणि आपल्या पाचक रसांना प्रोलिनच्या आसपास तोडता येत नाही. हे निरोगी माणसातही असंच आहे. पोळी खाणाऱ्या प्रत्येकाच्या आतड्यात हा तुकडा अखंड पोचतो. बाकीच्यांचं काही बिघडत नाही, सीलिअ‍ॅकच्या माणसाची प्रतिकारयंत्रणा मात्र त्यालाच ओळखते. काही जंतूंच्या एन्झाइमना तो तोडता येतो. त्यावरून औषध करायचे प्रयत्न झाले, अजून चालू आहेत. लाटिग्लुटिनेज नावाच्या अशा औषधाची मोठी चाचणी २०१७ मध्ये छापून आली. आतड्याची लव सुधारण्यात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. परदेशी दुकानांत 'ग्लुटेन पचवणाऱ्या' कॅप्सूल मिळतात. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा पाच तपासल्या, तर एकीलाही ते घातक तुकडे नीट तोडता आले नाहीत. अमेरिकेहून येणारे नातेवाईक प्रेमानं त्या आणतात. भाचीकडेही एक बाटली आली. मी ती उघडू दिली नाही.

मग डॉक्टरांनी पॅन्क्रिआटिन लिहिलं ते चुकलं का? मुळीच नाही, आणि हा भाग लोकांना समजावताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो. जेवण लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथलं अस्तर एक संप्रेरक सोडतं आणि त्याच्या इशाऱ्यावर स्वादुपिंड रस ओततं. अस्तरच सपाट झालं असेल तर इशारा जात नाही. स्वादुपिंड धडधाकट असून बसून राहतं, आणि तेल-तूप पचत नाही. अशा माणसाला गहू बंद केल्यावरही पांढरट, तरंगणारी शी होत राहते. तिथे ही कॅप्सूल मधल्या काळापुरती उसनवारी करते. इटलीत १९९५ साली सीलिअ‍ॅकच्या मुलांवर ह्याची नीट चाचणी झाली: ग्लुटेनमुक्त आहाराबरोबर एन्झाइम घेणाऱ्यांचं वजन पहिल्या महिन्यात जास्त वाढलं, दुसऱ्या महिन्याअखेर दोन्ही गट सारखेच. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी पथ्य करूनही जुलाब न थांबलेले रोगी तपासले, तेव्हा सुमारे ३० टक्के लोकांत स्वादुपिंडाचा रस कमी पडत होता, आणि कॅप्सूलनं त्यांचे जुलाब आटोक्यात आले. ह्यासाठी शीतलं इलास्टेज मोजायची तपासणी आहे. भाचीची ती झाली होती.

इथे आमच्या काळ्या गोळीचा उपयोग नाही, हेही सांगायला हवं. चरबी पचवायला लायपेज लागतं. ते डायस्टेसमध्ये नाही आणि पपेनमध्येही औषधापुरतं नाही. पॅन्क्रिआटिनमध्ये आहे, पण आम्लात मरतं, म्हणून त्याचे बारीक दाणे करून प्रत्येकावर जठरात न विरघळणारा थर चढवतात आणि ते कॅप्सूलमध्ये भरतात. दाणे चावायचे नाहीत आणि कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची नाही; पहिल्या घासाबरोबर किंवा जेवता जेवता घ्यायची. ते मूळ प्राण्याचं आहे हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, औषध आहे." तिच्या सासूबाईंना ते अजून माहीत नाही, आणि हा मजकूर त्यांच्या हाती पडणार नाही अशी आशा आहे.

दुधाचं तसंच. दूध पचवणारं लॅक्टेज लवेच्या टोकाशी तयार होतं, त्यामुळे ते आधी जातं आणि सर्वांत शेवटी परत येतं. तोवर दूध प्यालं की पोट फुगतं. आंबटलेलं ताक बऱ्याच जणांना सोसतं. पचनाला हलकं काही हवं असेल तर मोड आणलेल्या नाचणीचं पीठ आहेच. मोड आणलेल्या धान्यातल्या डायस्टेसनं लापशी पातळ होते आणि बाळाच्या पोटात थोडक्या घोटांत जास्त अन्न जातं, ह्यावर ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या तारा गोपालदास ह्यांनी काम केलं. पायाँ-पर्सोंचंच डायस्टेस ते, फक्त जवाऐवजी नाचणीतलं, म्हणून ग्लुटेन नाही. मात्र ती नाचणी दळायची कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण पडलेलं असतं आणि पात्यांतला उरलेला गहू आपल्या पिठात उतरतो. भाचीनं घरघंटी घेतली.

राहिला माझा प्रांत, म्हणजे लेबल. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या अन्नात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा नियम आपल्याकडे आहे. पाचकाच्या स्ट्रिपवर काय असतं? डायस्टेस इतके मिलिग्रॅम, पपेन इतके, आणि मग 'एक्सिपियंट्स' ह्या एका शब्दात बाकी सगळं. गोळी बांधायला वापरलेलं स्टार्च मक्याचं की गव्हाचं, ते कळत नाही. काही टॉनिकांत अजून जवाचं माल्ट असतं. गोळ्याच कशाला, हिंगाष्टक घ्या: पोटासाठीच घेतो, आणि बाजारातला बांधानी हिंग बहुधा मैद्यात बांधलेला असतो. भाचीसाठी मी नुसत्या डिंकाचा खडा हिंग आणवला. वास इतका उग्र की तिच्या फ्लॅटमध्ये डबा तीन पिशव्यांत ठेवतात.

एका कंपनीच्या एम.आर.ला मी काउंटरवरच गाठलं. विचारलं, ह्या गोळीत गव्हाचा काही अंश आहे का, तुमच्या लोकांना विचारून सांगा. पोरगा चांगला, त्यानं माझ्यासमोरच फोन लावला, बराच वेळ 'हो सर, हो सर' केलं आणि हसतमुखानं वळून म्हणाला, "ताई, बिनधास्त द्या. शंभर टक्के व्हेज आहे."